पुण्याहून श्टुटगार्टला बिऱ्हाड हलवताना: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

आम्ही तिघं, म्हणजे नवरा, मी आणि तेव्हा सात वर्षांची लेक, पुण्यातलं घर आवरून जर्मनीतल्या श्टुटगार्टला आलो. तेव्हापासून महिन्याकाठी दोन तरी फोन येतात. कुणाच्या भाच्याला चाकणच्या कंपनीतून इकडे पाठवतायत, कुणाच्या सुनेला थेट नोकरी लागलीय. प्रश्न बहुतेक तेच असतात, म्हणून उत्तरं एकदाची लिहून ठेवली. आकडे २०२५ सालचे आहेत. ते दर वर्षी थोडे हलतात, तेव्हा अर्ज भरायच्या दिवशी पुन्हा बघून घ्या.

नोकरीचं पत्र हातात आलंय. सुरुवात कुठून करू?

कागदांवरच्या नावांपासून. बॅगा, स्वेटर, कुकर सगळं मागाहून.

आपल्याकडे नाव तीन पदरी: स्वतःचं, वडिलांचं किंवा नवऱ्याचं, मग आडनाव. लग्न झालं की बाईचे त्यातले दोन पदर बदलतात. माझ्या मार्कशीटवर वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव, पासपोर्टवर नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, आणि लेकीच्या जन्मदाखल्यावर ‘आईचे नाव’ या रकान्यात नुसतं माझं पाळण्यातलं नाव. पुण्यात बसून हे कुणाला खटकत नाही. व्हिसाच्या खिडकीपलीकडच्या माणसाला मात्र या तीन वेगळ्या बायका वाटतात. जन्मदाखल्यातली दुरुस्ती करून घ्यायला आम्हाला जवळपास दोन महिने लागले. नोकरी लागण्याआधी, नुसता विचार चालू असतानाच हे करून ठेवलं असतं तर विमानाचं तिकीट बदलावं लागलं नसतं.

घरातल्या प्रत्येकाचा पासपोर्ट, जन्मदाखला, लग्नाचा दाखला आणि पदवी एका टेबलावर मांडा आणि अक्षर न् अक्षर ताडून बघा. लग्नाचा दाखला म्हणजे विवाह नोंदणी कार्यालयाचा, मंगल कार्यालयातल्या गुरुजींनी दिलेला नव्हे. नाव राजपत्रात छापून बदललं असेल तर त्या राजपत्राची प्रतही याच गठ्ठ्यात ठेवा.

पासपोर्टमध्ये ‘गिव्हन नेम’च्या रकान्यात जे जे आहे ते सगळं जर्मनीत तुमचं पहिलं नाव धरतात. दवाखान्यात माझ्या नावाचा पुकारा होतो तेव्हा नवऱ्याचंही नाव पुकारलं जातं. पहिल्या वेळी मी उठलेच नाही.

व्हिसा कोणता लागेल?

पदवी असेल आणि पगार ठरावीक रकमेच्या वर असेल तर ईयू ब्लू कार्ड. २०२५ साठी ही रक्कम वर्षाला ४८,३०० युरो होती. ज्या क्षेत्रांत माणसं कमी पडतात तिथे, आणि नुकतीच पदवी घेतलेल्यांना, ती ४३,७५९.८० युरो. आयटीतल्या अनुभवी माणसाला पदवी नसली तरी ब्लू कार्ड मिळू शकतं, ही सवलत नोव्हेंबर २०२३ पासूनची. तुमचं विद्यापीठ तिकडे मान्य आहे का ते ‘अनाबिन’ नावाच्या जर्मन सरकारी यादीत बघायचं. विद्यापीठासमोर ‘एच प्लस’, म्हणजे मान्य, असं दिसलं की त्या पानाची छापील प्रत काढून ठेवा. नर्सिंगसारख्या व्यवसायांची मान्यता ही वेगळी आणि लांबची वाट आहे, त्यात मी पडत नाही.

अर्ज आता जर्मन परराष्ट्र खात्याच्या कॉन्सुलर सर्व्हिसेस पोर्टलवर ऑनलाइन भरायचा. त्यानंतर बोटांचे ठसे आणि मूळ कागद दाखवायला प्रत्यक्ष जायचं. फी मोठ्यांना ७५ युरो, मुलांना त्याच्या निम्मी.

अपोस्टिल करून देतो म्हणून एजंट बारा हजार मागतोय. देऊ का?

अपोस्टिल म्हणजे कागद खरा असल्याचा सरकारी शिक्का. आधी वकिलातीची तुमच्याच व्हिसा प्रकाराची चेकलिस्ट वाचा. त्यात ज्या कागदावर शिक्का मागितला असेल तेवढ्यावरच करा. एजंट दहावीच्या मार्कशीटपासून शाळा सोडल्याच्या दाखल्यापर्यंत सगळ्याचं करायला सांगतो, कारण त्याचा दर कागदामागे असतो.

बायकोला (किंवा नवऱ्याला) जर्मन यायलाच हवं का?

ब्लू कार्डवाल्याच्या जोडीदाराला व्हिसासाठी जर्मनच्या परीक्षेची अट नाही, आणि इथे आल्या दिवसापासून नोकरीही करता येते. कायद्याचं उत्तर एवढंच.

माझं उत्तर वेगळं आहे. ऑफिसात जाणाऱ्याचं इंग्रजीवर भागतं. शाळेतून आलेली चिठ्ठी, दुधाच्या पिशवीवरचा मजकूर, डॉक्टरच्या रिसेप्शनिस्टचा फोन हे सगळं घरी राहणाऱ्याच्या वाट्याला येतं, म्हणजे भाषेची खरी गरज त्याला असते. पुण्यात बोट क्लब रोडचं मॅक्सम्युलर भवन आहे, फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये विद्यापीठाचे वर्ग आहेत. निघण्याआधी सहा महिने मिळत असतील तर ए-वन, ए-टू या पहिल्या दोन पातळ्या उरकून घ्या. पुढेही उपयोग आहेच: ब्लू कार्डवर कायमस्वरूपी वास्तव्याचा परवाना बी-वन पातळी असेल तर २१ महिन्यांत, नुसतं ए-वन असेल तर २७ महिन्यांत मागता येतो.

श्टुटगार्टला येणाऱ्यांना एक सांगते. इथे श्वेबिश बोलतात, म्हणजे या भागातली जर्मनची बोली. पुस्तकातली जर्मन शिकून आल्यावर पहिले काही महिने, पुण्यातल्या पेठेत वाढलेल्याला चंदगडात सोडल्यासारखं होतं.

सगळे एकदमच जाऊ की एकानं पुढे जावं?

एकानं पुढे जावं. याबाबत माझं मत ठाम आहे आणि ते चूक करून बनलेलं आहे. आम्ही तिघं सहा बॅगा घेऊन एका खोलीच्या भाड्याच्या जागेत उतरलो, तेही शनिवारी रात्री. रविवारी जर्मनीत दुकानं बंद असतात हे वाचलेलं होतं, पण ‘बंद’ म्हणजे एवढं बंद असेल असं वाटलं नव्हतं. मोठ्या रेल्वे स्टेशनातली दुकानं उघडी असतात हे सोमवारी कळलं. रविवार आम्ही लक्ष्मीनारायण चिवडा आणि नळाच्या पाण्यावर काढला. लेकीला ती सहल वाटली, एवढंच बरं.

पुढे गेलेल्या माणसानं घर शोधावं, पत्त्याची नोंदणी करावी, मग बाकीच्यांना बोलवावं. आणि तिकीट मंगळवार-बुधवारचं काढा.

घर कसं शोधायचं? भाड्याचे ‘थंड’ आणि ‘गरम’ आकडे काय असतात?

काल्टमीटे म्हणजे नुसत्या भिंतींचं भाडं. वार्ममीटे म्हणजे त्यात हीटिंग, पाणी, कचरा, जिन्याचा दिवा वगैरे धरून. वीज आणि इंटरनेट बहुधा त्याहून वेगळं. जाहिरातीत काल्टमीटे मोठ्या अक्षरात असते, तेव्हा हिशेब नेहमी वार्मवर करा.

अनामत कायद्यानं जास्तीत जास्त तीन महिन्यांची काल्टमीटे, आणि ती तीन हप्त्यांत द्यायचा हक्क भाडेकरूला आहे. घरमालक हे स्वतःहून सांगत नाही.

घर रिकामं म्हणजे खरोखर रिकामं. पुष्कळ घरांत स्वयंपाकघर नसतंच. ओटा, सिंक, शेगडी काही नाही, भिंतीतून बाहेर आलेले दोन पाइप तेवढे. आधीचा भाडेकरू त्याचं किचन उचलून घेऊन गेलेला असतो किंवा तुम्हाला विकायला बघत असतो. त्यानं मागितलेली किंमत घासाघीस करून कमी होते, संकोच करू नका. पहिल्या वर्षी ‘आइनबाउक्युखे’ असं लिहिलेलं, म्हणजे स्वयंपाकघर बसवलेलं घर बघा.

घर न बघता, चावी हातात न येता कुणाच्याही खात्यात पैसे भरू नका. ‘मी सध्या परदेशात आहे, किल्ली कुरियरनं पाठवतो’ असं लिहिणारा प्रत्येक जण भामटा असतो.

पत्त्याची नोंदणी एवढी महत्त्वाची का म्हणतात?

कारण पुढची सगळी माळ त्या एका गाठीवर आहे. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत महापालिकेच्या कचेरीत जाऊन आनमेल्डुंग करायचं, म्हणजे ‘मी इथे राहतो’ ही नोंद. त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं, नुसता भाडेकरार चालत नाही. तात्पुरती जागा घेताना पहिला प्रश्न हाच विचारा: नोंदणीसाठी पत्र द्याल का? नाही म्हणाले तर ती जागा कितीही स्वस्त असो, सोडून द्या.

नोंदणी झाली की काही आठवड्यांत अकरा आकडी करक्रमांक टपालानं येतो. तो कंपनीला मिळेपर्यंत पगारावर सहाव्या कर-वर्गानं, म्हणजे सगळ्यात चढा कर कापला जातो. पैसे नंतर परत मिळतात, पण पहिल्या पगाराची स्लिप बघून पोटात गोळा येतो. बँकेचं खातं, वास्तव्याचं कार्ड, शाळेतला प्रवेश यांना सगळ्यांना हाच नोंदणीचा कागद हवा.

त्या फॉर्मवर धर्म विचारतात. चर्चचा सभासद असलेल्याच्या आयकरावर बाडेन-वुर्टेनबर्ग (श्टुटगार्टचं राज्य) आणि बायर्नमध्ये आठ टक्के आणि इतरत्र नऊ टक्के चर्चकर लागतो, म्हणून तो रकाना आहे. तुमचा चर्चशी संबंध नसेल तर तसं स्पष्ट लिहा. गोव्याकडच्या आणि वसईच्या आपल्या ख्रिस्ती मंडळींनी हे उत्तर विचार करून द्यावं, कारण मागाहून चर्चमधून नाव काढायला वेगळी कारवाई करावी लागते.

आता खरी गंमत. इथे फ्लॅटला नंबर नसतो. पोस्टमन टपालपेटीवरचं आडनाव वाचून पत्र टाकतो, नाव नसेल तर परत नेतो. बँकेचं कार्ड एका पाकिटात, पिन दुसऱ्यात, विम्याचं कार्ड तिसऱ्यात, करक्रमांक चौथ्यात. आमच्या पेटीवर आधीच्या भाडेकरूचं नाव तसंच होतं आणि आम्ही तीन आठवडे ‘जर्मन टपाल किती मंद’ म्हणून कुरकुरत बसलो. शेवटी वरच्या मजल्यावरच्या आजींनी पेटीकडे बोट दाखवलं. लेकीच्या वहीच्या लेबलवर आडनाव लिहून चिकटवलं आणि चौथ्या दिवशी पहिलं पाकीट आलं. किल्ली मिळाल्यावर दूध उतू घालायच्या आधी पेटीवर नाव लावा. जोडीदाराचं आडनाव वेगळं असेल तर दोन्ही लावा.

सुरुवातीला किती पैसे हाताशी हवेत?

अनामत, पहिलं भाडं, थोडं फर्निचर आणि पगार महिनाअखेरीला होतो म्हणून एक पूर्ण महिन्याचा खर्च. म्हणजे वार्ममीटेच्या सहापट रक्कम धरा, कुटुंब असेल तर सातपट. थोडे युरो रोख आणि बाकी फॉरेक्स कार्डावर. दहा हजार युरो किंवा त्याहून जास्त रोख नेत असाल तर उतरल्यावर कस्टमला सांगणं बंधनकारक आहे.

इकडची बँक, पीपीएफ, आधार, मोबाइल यांचं काय करायचं?

मोबाइलचं आधी सांगते, कारण लोक तोच विसरतात. भारतातला नंबर बंद पडू देऊ नका. बँक, आधार, आयकर सगळ्यांचा ओटीपी त्यावर येतो. निघण्याआधी इंटरनॅशनल रोमिंग चालू करून घ्या आणि रिचार्जची तारीख घरातल्या एखाद्या शिस्तीच्या माणसाच्या कॅलेंडरात घाला. आमच्याकडे ते काम सासऱ्यांकडे आहे, त्यांनी एकदाही चुकवलेलं नाही.

नोकरीसाठी देश सोडला की साधं बचत खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं भारतातल्या कमाईसाठीचं खातं, करून घ्यावं लागतं. जर्मनीतली कमाई भारतात पाठवायची तर एनआरई खातं उघडा. दोन्ही कामं निघण्याआधी शाखेत समोर बसून करा, मेलवर करायला गेलात तर सह्या जुळत नाहीत म्हणून अर्ज परत येतात. पीपीएफचं जुनं खातं मुदत संपेपर्यंत चालू ठेवता येतं, नवं उघडता येत नाही आणि मुदतवाढही मिळत नाही. म्युच्युअल फंडाची केवायसी बदला.

आयकरासाठी आर्थिक वर्षात भारतातले दिवस मोजतात. नोकरीसाठी जाणारा भारतीय १८२ दिवसांपेक्षा कमी दिवस भारतात असेल तर त्या वर्षापुरता अनिवासी ठरतो. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्याच्या आत निघणं आणि ऑक्टोबरात निघणं यात म्हणूनच फरक पडतो. निघायची तारीख तुमच्या हातात असेल तर सीएला एक फोन करून मगच ठरवा.

कंपनीच पाठवत असेल तर भारत-जर्मनी सामाजिक सुरक्षा करार तुम्हाला लागू होतो. तो १ मे २०१७ पासून अमलात आहे. ईपीएफओकडून (भविष्य निर्वाह निधीच्या कचेरीकडून) कव्हरेजचं प्रमाणपत्र घेतलं की जर्मन पेन्शनची कपात ४८ महिन्यांपर्यंत टळते.

गावाकडे जमीन आहे, पुण्यात फ्लॅट आहे. काही करून ठेवायला हवं का?

वारस नोंदी राहिल्या असतील तर जाण्याआधी तलाठ्याकडे खेटे घालून पूर्ण करा. सातबाऱ्यावर नाव लागलेलं असलं की झोप लागते. अनिवासी भारतीयाला नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, असलेली किंवा वारसानं आलेली ठेवता येते.

फ्लॅटसाठी विश्वासातल्या माणसाच्या नावे कुलमुखत्यारपत्र नोंदवून ठेवा, आणि त्यात नेमकी कामं लिहा: भाडेकरार नोंदवणं, सोसायटीच्या सभेला बसणं, मीटर नावावर करणं. ‘सर्व अधिकार’ असं मोघम कुणालाच देऊ नका, सख्ख्या भावालाही नाही.

आरोग्य विमा आणि औषधं?

विमा सक्तीचा आहे. सरकारी योजनेत पगाराच्या १४.६ टक्के आणि वर थोडी जादा वर्गणी, त्यातलं निम्मं कंपनी भरते. न कमावणारा जोडीदार आणि मुलं त्यात फुकट. पगार ठरावीक रकमेच्या वर असेल तर खाजगी विमा घेता येतो, २०२५ मध्ये ती वर्षाला ७३,८०० युरो होती. पंचविशीत तो स्वस्त दिसतो, पण त्यात प्रत्येक माणसाचा हप्ता वेगळा आणि वयाबरोबर चढणारा, शिवाय परत सरकारी योजनेत शिरणं अवघड. कुटुंबवाल्यांनी त्या वाटेला जाऊ नये असं मला वाटतं.

दात आणि चष्मे पुण्यातच उरका, चष्म्याचा एक जादा जोड घ्या. नेहमीची औषधं तीन महिन्यांपुरती, डॉक्टरच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर ब्रँडऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्या, तिथला डॉक्टर आपले ब्रँड ओळखत नाही. अँटिबायोटिक चिठ्ठीशिवाय मिळत नाही, ‘केमिस्टकाका, जरा दोन गोळ्या द्या’ हा प्रकार इथे नाही.

मुलांचं लसीकरणाचं पुस्तक हातातल्या बॅगेत. मार्च २०२० पासून शाळा आणि पाळणाघरासाठी गोवराच्या लशीचा पुरावा सक्तीचा आहे.

मुलांच्या शाळेचं कसं?

सरकारी शाळा फुकट आणि चांगल्या असतात. घरी शिकवायला परवानगी नाही. बाडेन-वुर्टेनबर्गमध्ये भाषा न येणाऱ्या मुलांसाठी तयारीचे वर्ग असतात. आमची लेक त्यात एक वर्ष होती, सीरिया, युक्रेन आणि ब्राझीलच्या मुलांबरोबर. सहा महिन्यांनी ती माझं उच्चारण सुधारायला लागली.

एक गोष्ट कुणी आधी सांगत नाही. शाळा चालू असताना सहलीला किंवा सणाला भारतात नेता येत नाही, परवानगीशिवाय नेलं तर दंड होतो. इथली उन्हाळी सुट्टी जुलैअखेरपासून सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत. म्हणजे गणपती ऑगस्टअखेरीस आला तर मिळतो, सप्टेंबरच्या मध्याला आला तर हुकतो. आमच्या घरात हल्ली कालनिर्णय आणि शाळेचं कॅलेंडर शेजारी शेजारी टांगलेलं असतं.

बॅगेत काय भरू?

काय भरू नये ते आधी. युरोपीय संघात बाहेरून मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला बंदी आहे, म्हणजे साजूक तूप, खवा, पनीर गेलं. लोणी तिकडे उत्तम मिळतं, तूप घरीच कढवा. ताजी फळं, भाज्या, पानं प्रमाणपत्राशिवाय नेता येत नाहीत. सूट अननस, नारळ, केळी, खजूर आणि ड्युरियन या पाचांनाच. ताजा कढीपत्ता नको, वाळवून न्या. हापूसची पेटी तर नकोच. २०१४ च्या मे महिन्यात फळमाशीपायी भारतीय आंब्यावरच युरोपीय संघानं बंदी घातली होती, ती जानेवारी २०१५ मध्ये उठली. कस्टमवाले तो विषय विसरलेले नाहीत.

सुक्या खोबऱ्याच्या वाट्या मुंबई विमानतळावरच काढायला लावतात, तेलामुळे त्या ज्वालाग्राही मालात मोडतात. आणि तिकीट दुबईमार्गे असेल तर खसखस अजिबात नको, तिथे ती अमली पदार्थात धरतात. घरच्या गोड्या मसाल्यात खसखस घातलीय का हे आईला विचारा. मी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “घातलीय थोडी, त्यानं काय होतंय?” तो डबा आम्ही बहिणीला देऊन टाकला.

डाळी, तांदूळ, कणीक, हिंग हे सगळं श्टुटगार्टच्या आशियाई दुकानांत मिळतं. मिळत नाही ते गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, आमसुलं, मेतकूट. वजन त्यांना द्या.

मिक्सर जरूर न्या. वीज इथेही २३० व्होल्टचीच आहे, फक्त प्लग वेगळा, त्याचा जोड घ्या. कुकर इंडक्शनवर चालणारा स्टीलचा घ्या, साधा अ‍ॅल्युमिनियमचा इंडक्शनवर तापतच नाही. थंडीचे कोट इथेच घ्या. लक्ष्मी रोडवर घेतलेला ‘बर्फाचा कोट’ इथल्या नोव्हेंबरातच हरला.

आपलं लायसन्स चालतं का?

राहायला आल्यापासून सहा महिने. पुढे लेखी आणि प्रत्यक्ष दोन्ही परीक्षा नव्यानं, आणि त्या महाग पडतात. श्टुटगार्टात गाडीवाचून अडत नाही. देशभरच्या लोकल गाड्या, ट्राम, बसचा महिन्याचा पास २०२५ मध्ये ५८ युरोंना होता.

शेजारी कसे असतात?

नियमाचे असतात. रात्री दहा ते सकाळी सहा आणि रविवारी दिवसभर आवाज करायचा नाही. रविवारी सकाळी इडलीचं वाटण मिक्सरला लावलं की भिंतीवर टकटक होते. आता आम्ही शनिवारी वाटतो.

श्टुटगार्टची खासियत म्हणजे केरवोखे. नावातच आपला केर आहे. आठवडाभर तुमच्या दाराला एक पाटी लटकते, तो आठवडा जिना झाडून पुसायची पाळी तुमची. झालं की पाटी शेजारच्या दाराला. आम्ही पहिल्या वेळी ती कुणाची तरी जाहिरात समजून टपालपेटीवर ठेवून दिली. तिसऱ्या दिवशी टपालपेटीवाल्या त्याच आजी बादली आणि फडकं घेऊन दारात उभ्या. भांडायला नव्हे, शिकवायला. कठडासुद्धा पुसायचा, पायपुसणी उचलून खालून झाडायचं, आणि पायऱ्या वरून खाली. मी म्हटलं, हे तर माझी आजी वाड्यात असंच करायची. तेवढं जर्मन मला तेव्हा येत नव्हतं, पण कमरेला पदर खोचल्याचा अभिनय करून दाखवला. त्या हसल्या आणि पुढच्या आठवड्यात प्लमचा केक घेऊन आल्या.

आई-बाबांना कधी बोलावता येईल?

व्हिजिटर व्हिसावर १८० दिवसांत ९० दिवस. फी ९० युरो, आणि किमान ३०,००० युरोंचा प्रवास विमा. खर्च तुम्ही करणार असाल तर इथल्या कचेरीत हमीपत्र घेऊन ते मूळ कागद टपालानं भारतात पाठवावं लागतं, त्याला काही आठवडे धरा. ऑक्टोबर ते मार्च बोलावू नका, भर हिवाळ्यात पाचला अंधार पडलेला बघून बाबा तिसऱ्या दिवशी परतीची तारीख विचारतात. मेमध्ये आले तर रात्री नऊपर्यंत उजेड असतो. आमच्या बाबांनी गेल्या खेपेला केरवोखेचा आठवडा मागून घेतला होता. जिना पुसून झाल्यावर ती पाटी शेजारच्या दाराला लावायला मात्र त्यांनी नात बरोबर घेतली, बोलायची वेळ आली तर असावी म्हणून.